लिहा तीनशे

पेन्सिलीचं टोक आलेखातल्या तिसऱ्या खांबाच्या माथ्यावर येऊन अडलं होतं... निधी वाढला, माणसं वाढली, सोयी वाढल्या – तीन खांब, तिन्ही गेल्या वर्षीपेक्षा उंच, कारण या संशोधन संस्थेच्या वार्षिक अहवालात खांब खाली येण्याची पद्धतच नव्हती. यंदा सोयींमध्ये भर पडली ती काचसामान धुण्याच्या यंत्राची. आणि बारा वर्षं तेच काचसामान हातानं धुणाऱ्या मावशी? त्या रोजंदारीवर, माणसांच्या खांबात त्यांना कधी धरलंच नव्हतं, त्यामुळे एक तारखेपासून त्या आल्या नाहीत तरी खांब तसूभरही हलणार नव्हता. वा रे वाढ! त्यांना कमी करण्याचा आदेश निघाला होता, मावशींच्या हाती पडायचा होता तेवढा.

आणि हे केलं कुणी? तिनंच, अहवाल लिहिणारीनं. गेल्या वर्षी ती सहज विचारायला गेली – मावशी, दिवसाला किती नग धुता हो? – आणि शेजारच्या विभागापुढे आपला विभाग कमी दिसायला नको म्हणून मावशींनी ओले हात झटकत ठोकून दिलं, "लिहा तीनशे." शंभराच्या वर नसतील, तिला डोळ्यांनी दिसत होतं... पण आकडा भरदार होता, पानावर शोभत होता. छापला. खरेदी समितीनं नेमका तोच वाचला: तीनशे म्हणजे यंत्र हवंच. आता खरं सांगावं तर गेल्या वर्षीचा अहवाल खोटा, आणि खोटा अहवाल लिहिणारीला कोण ठेवून घेतंय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तरी सकाळी ती संचालकांकडे गेली होती, मावशींसाठी काही करता येईल का म्हणून. "अहो, वाढ म्हटली की थोडं इकडचं तिकडे होणारच," ते मान वर न करता म्हणाले, आणि ती म्हणाली, हो सर. हो सर! जीभ कशी झडली नाही माझी?

"येऊ का ताई?" दारात मावशीच. केस चापून विंचरलेले, एप्रन इस्त्रीचा.

"फोटोवाले आलेत. यंत्राशेजारी मलाच उभं करतायत. बरी दिसतेय ना?"

"छान दिसताय."

"तुम्ही लिहिलंत म्हणून आलं हो ते. नाहीतर आमच्या हातांच्या भेगा कोण बघतंय? आता नुसतं बटण दाबायचं नि बसायचं!"

सांग. आत्ताच सांग... फोटोत उभ्या राहण्याआधी तरी सांग. मावशींनी तिचा हात हातात घेतला – त्यांचा तळवा खरखरीत, साबणाच्या पाण्यानं पांढरा पडलेला – आणि तिच्या लक्षात आलं, की आपण शब्द शोधत नाही आहोत, बाहेरून कुणी मावशींना हाक मारतंय का, त्याची वाट बघतोय.

हाक आली. मावशी लगबगीनं गेल्या. तिला हायसं वाटलं, अगदी खरंखुरं, छातीत श्वास भरून... आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला विलक्षण भीती वाटली. एवढ्या सहज सुटलो आपण? म्हणजे यापुढे आपण कशालाही हो म्हणू. तिनं पेन्सिल उचलली, आणि फोटोखाली काय लिहायचं ते तिला लगेच सुचलं: 'नव्या सोयीनं सुखावलेल्या मावशी.'