शिंगाळ्यांनी भरलेलं जाळं

एम्बोंगच्या तोंडाला खीळ नव्हती, आणि नेमका तोच त्या होडीचा ऐकणारा होता. सेतियूच्या किनाऱ्यावर अशा माणसाला जुरू सेलाम म्हणतात. इंजिन बंद करायचं, होडीची कड धरून पाण्यात उतरायचं, डोकं बुडवायचं आणि खाली ढोमा मासा कुठल्या बाजूला कुरकुरतोय ते ऐकायचं. त्याने हात दाखवला की त्या बाजूला जाळं पडतं. सकाळी जाळं एकदाच पडतं. ते चुकलं तर पाच घरांचा दिवस फुकट जातो.

एम्बोंगला मुलगा नव्हता. सोळा वर्षांची रुबिया होती, आणि शाळेच्या सुट्टीत तो तिला ही विद्या शिकवत होता. सुट्टी संपायला आठवडा उरला होता. तोवर तिचा कान तयार झाला नाही, तर एम्बोंगच्या मागे होडीला ऐकणारा राहणार नव्हता.

पण शिकवायची ही कुठली रीत? पोर पाण्यात डोकं घालते न घालते तोच हा वरून सुरू व्हायचा. आता कुरकुर येईल, डावीकडे लक्ष दे, टकटक आली तर तो दगडातला मासा, सोडून दे. ती श्वास घ्यायला वर आली की हाच सांगायचा तिला काय ऐकू आलं ते. खोडी म्हणून नव्हे, मायेने. त्याच्या बापाने त्याला वर्षभर नुसतं पाण्यात बुचकळलं होतं आणि एका माशाचं नाव सांगितलं नव्हतं. आपल्या लेकरावर ही वेळ आणायची नाही, असं एम्बोंगने तेव्हाच ठरवलं होतं. लेकराला काय हवंय ते विचारायचं मात्र राहून गेलं.

गुरुवारी रुबिया तीनदा खाली गेली. वर आली आणि बापाला म्हणाली, "आयाह, हा ढोमा नाही. शिंगाळा आहे. जाळं टाकू नका."

शिंगाळाही कुरकुरतो, पण जाड आवाजात. नवखा माणूस फसतो, जुना फसत नाही. एम्बोंग हसला. "दोन महिने शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी," म्हणाला, आणि स्वतः उतरून लगेच वर येऊन हात दाखवला. जाळं पडलं.

शिंगाळेच आले. जाळंभर. प्रत्येकाचे तीन काटे दोऱ्यांत अडकलेले, आणि काटा लागला की हात सुजतो. उन्हं उतरेपर्यंत सगळे ते सोडवत बसले. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या जुसोहचा तळवा भाकरीसारखा फुगला. एम्बोंगला सगळे पोक, म्हणजे काका, म्हणत; जुसोहही दातओठ खात म्हणाला, "पोक एम्बोंग, पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली म्हणायचं."

किनाऱ्यावर उतरल्यावर रुबियाचा बांध फुटला. बापासमोर आवाज चढवायची तिच्या घरात रीत नव्हती, पण त्या दिवशी चढवला. "दोन महिने तुम्ही मला मासे सांगताय. मला काय ऐकू आलं, हे एकदाही विचारलं नाहीत. तुमचा आवाज बंद होईल तेव्हा ना मला मासा ऐकू येणार?"

"बापाला शिकवतेस?"

"तुम्हाला कोण शिकवणार? तुम्ही ऐकता कुणाचं?"

एम्बोंगचं डोकं तडकलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, नमाजाचा दिवस, होड्या वाळूत. तो दिवसभर धुमसत बसला. रुबियाने ताट वाढलं, पण शब्द वाढला नाही.

शनिवारी जुसोहने इंजिन बंद केलं तेव्हा एम्बोंग लेकीला म्हणाला, "जा. तुझी तू ऐक. मी तोंड उघडणार नाही." शिकवण म्हणून नव्हे, फजिती व्हावी म्हणून म्हणाला. रागावलेला माणूस बाप असला तरी असं बोलतो.

रुबिया उतरली. वर आली, श्वास घेतला, पुन्हा गेली. दर वेळी एम्बोंगच्या ओठांवर दहा सूचना येत आणि तो त्या गिळी. बाकीचे त्याच्याकडे बघून गालात हसत होते, त्याने तो अजूनच पेटला. चौथ्यांदा ती बराच वेळ खाली राहिली. मग वर आली आणि हात दाखवला. "ढोमा. तिकडे. पुष्कळ आहे."

कुणी जाळ्याला हात लावला नाही. सगळ्यांनी एम्बोंगकडे पाहिलं.

तो पाण्यात उतरला. डोकं बुडवलं. पूर्वी इथे ढोम्याचा थवा असला की तापल्या तेलात काहीतरी तडतडावं तसं सगळं पाणी वाजायचं. आता त्याला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली, बाकी काही नाही. गेल्या आणि त्याच्या मागच्या वर्षीही नव्हतं ऐकू आलं. तो पाण्याचा रंग बघून, वारा बघून अंदाजाने हात दाखवत होता, आणि हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

वर आला. जुसोहने विचारलं, "काय म्हणता, पोक?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. रुबिया शेजारीच कड धरून तरंगत होती. विनवणी नाही, भीती नाही, फक्त कपाळावर आठी.

"मला काही ऐकू आलं नाही," एम्बोंग म्हणाला. "दोन वर्षं येत नाही. अंदाजाने टाकत होतो."

जुसोहचा सुजलेला हात कडेवर आपटला. दोन वर्षं आमच्या पोटाशी खेळलात, तो ओरडला, आणि आता या पोरीच्या शब्दावर जाळं टाकू? एका खोटारड्याच्या शिकवणीवर?

"माझ्या शिकवणीवर नको," एम्बोंगही ओरडला. "पाण्याखालचं मला ऐकू येत नाही. पण गुरुवारी ती पाण्याबाहेर बोलली होती. ते मला स्वच्छ ऐकू आलं. तुम्हा सगळ्यांना आलं. त्यात कानांचा काय दोष होता?"

जुसोह शिवी हासडून उठला आणि रुबियाला विचारलं, "किती लांब?"

तिने सांगितलं. जाळं पडू लागलं. तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जावा असं एम्बोंगलाही वाटलं नाही.