नऊ नंबरचा उजवा हात

"अहो सिस्टर, हे आपले नऊ नंबर!" मावशींनी चहाचा कप खाली ठेवला आणि वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावरच्या फोटोवर बोट टेकवलं.

वॉर्डाच्या मागच्या खोलीत सिस्टर ट्रेमध्ये कापूस भरत होत्या. "झालं सुरू? लोक सकाळी उठून बातम्या बघतात, तुम्ही मेलेली माणसं बघता."

"बघत नाही, वाचते," मावशी ठसक्यात म्हणाल्या.

त्या ठसक्याला कारण होतं. एकवीस वर्षं आया म्हणून राबताना, खाटांवरचे आकडे आणि बाटल्यांवरची नावं न्याहाळत त्या पन्नाशीत वाचायला शिकल्या होत्या. तेव्हापासून निधनाचं पान एकदाही चुकलं नव्हतं. त्यांच्या हाताखालून माणसं जायची ती आजारी, उघडीवाघडी, वैतागलेली. धट्टीकट्टी असताना ती कोण होती, ते त्या पानावर कळायचं. सात नंबरच्या बाई मुलांना पोहायला शिकवायच्या. अंग पुसताना मावशींना शिव्या हासडणारे बारा नंबर शाळेचे मुख्याध्यापक निघाले. खाट रिकामी झाल्यावर ओळख व्हायची, पण व्हायची.

आज मात्र बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं ते पुढे सरकेना.

"काय हो, जोडाक्षर अडलं का?"

"छापखान्यात अक्षरांचे खिळे एकेक उचलून जुळवायचे म्हणे. अडतीस वर्षं, याच पेपरात." मावशींनी चष्मा काढला. "हेच पान लावायचे, सिस्टर. शहरातल्या सगळ्या गेलेल्यांचं."

सिस्टरांचा हात थांबला. नऊ नंबर दोघींनाही चांगले आठवत होते. डोळे मिटून पडलेले असायचे, पण उजवा हात सारखा हवेत जायचा, चिमटीत काहीतरी उचलायचा आणि डाव्या तळव्यावर नीट ठेवायचा. त्यात सलाईनची सुई दोनदा निघाली. केसपेपरवर 'भ्रम' असं लिहिलं गेलं आणि शेवटचे चार दिवस तो हात खाटेच्या दांडीला बँडेजने बांधला. गाठ मावशींनी मारली होती.

"काम करत होते ते," मावशी म्हणाल्या, "आणि मी हात बांधला."

"सुई पुन्हा निघाली असती, मावशी. मुद्दाम थोडंच केलं आपण?"

"मुद्दाम नाही. पण विचारलंही नाही. त्यांची मुलगी रोज बाहेर बसलेली असायची की."

तेवढ्यात वॉर्डात आरडाओरडा झाला. चार नंबरच्या आजींनी डॉक्टरांचं मनगट धरलं होतं. कालच दाखल झालेल्या, पण जवळून जाणाऱ्या कोणालाही सोडत नव्हत्या.

"सिस्टर, हात बांधा यांचे," मनगट चोळत डॉक्टर म्हणाले. "माझा राउंड संपायच्या आत."

सिस्टरांनी बँडेजची गुंडाळी मावशींपुढे केली. मावशींनी ती घेतली नाही.

"दहा मिनिटं द्या मला."

"ते माझ्यावर डाफरतील हो!"

"माझ्यावर ढकला. म्हणावं, म्हातारी ऐकत नाही."

आजींचा मुलगा बाहेर बाकावर बसला होता. मावशी त्याच्याशेजारी टेकल्या. "तुमच्या आई काय करायच्या हो?"

"आई? काही नाही. घरीच असते."

"आत्ताचं नाही, बाबा. अंगात जोर होता तेव्हाचं."

"तेव्हाचं होय?" तो जरा सैल झाला. "नदीच्या धक्क्यावर होती. बोटीची तिकिटं तपासायची. पूल होईपर्यंत, सव्वीस वर्षं. फार कडक. आमच्या वडिलांनाही कधी बिनतिकीट चढू दिलं नाही."

"आणि तिकीट दाखवल्यावर?"

"अर्धं फाडून घ्यायची, अर्धं परत द्यायची. का हो? काही चुकलं का तिचं?"

"त्यांचं नाही," म्हणत मावशी उठल्या.

त्यांनी कोऱ्या कागदाच्या बोटभर चिठ्ठ्या फाडल्या आणि एक हातात धरून चार नंबरपाशी गेल्या. आजींनी झडप घालून मनगट पकडलं. मग त्यांना चिठ्ठी दिसली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मधोमध फाडली आणि अर्धी परत दिली.

"चला, पुढं सरका. मागं लोक खोळंबलेत."

मावशी मुकाट्याने पुढे सरकल्या. लांबून बघणाऱ्या सिस्टरांनी बँडेजची गुंडाळी खिशात टाकली.

डॉक्टर परत आले तेव्हा मावशींनी त्यांच्या हातातही एक चिठ्ठी ठेवली.

"हे काय आता?"

"तिकीट. बिनतिकीट नवऱ्यालाही सोडलं नाही त्यांनी, तुम्ही कोण लागून गेलात?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. आजींनी ती फाडली. डॉक्टरांनी नाडी धरली तरी आजींनी हात हलवला नाही. त्यांची नजर रांगेवर होती. रांगेत सिस्टर होत्या आणि सिस्टरांच्या मागे मुलगा.

त्याची पाळी आली. आजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पण ओळख काही पटली नाही. तिकीट मात्र त्यांनी दोन्ही बाजूंनी नीट तपासलं.