किती देते?

मी गाडी बोलतेय. डिझेलवर चालणारी, म्हणून आवाज जरा घोगरा आहे. होईल तुम्हाला सवय. रंग राखाडी, मागच्या डाव्या दारावर लांब ओरखडा, मागच्या सीटच्या फटीत बिस्किटांचा भुगा. एवढी ओळख पुरे. पुढे सांगणार आहे ती सुडाची गोष्ट आहे. सूड मला नीट जमला का, याबद्दल अजून मनात शंका आहे. पण घेतला, एवढं नक्की.

माझा जन्म कारखान्यात, एका लांबलचक रांगेत झाला. माझ्या आधी माझ्याच जातकुळीतल्या एका गाडीला बंद खोलीत रोलरवर उभं करून जागच्या जागी पळवलं होतं. त्या खोलीत वारा नव्हता, चढ नव्हता, खड्डे नव्हते आणि मागच्या सीटवर रडणारं मूलही नव्हतं. तिथे तिने जो आकडा दिला, तो आम्हा सगळ्यांच्या कपाळी चिकटला. लिटरला बावीस किलोमीटर. एका हुशार बहिणीचे मार्क सगळ्या भावंडांच्या प्रगतिपुस्तकात छापून टाकावेत, तसं.

मग एक दिवस मालक मला बघायला आला. माझ्याभोवती चक्कर मारली, टायरला बुटाने टोचून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किती देते?"

गाडीचं अ‍ॅव्हरेज असंच विचारतात लोक. किती देते. म्हशीबद्दल विचारावं तसं. काय खाते, काय सोसते, हे कुणी विचारत नाही.

"बावीस देते, साहेब," विक्रेता म्हणाला. तोवर मी दुकानाच्या दारापासून आतपर्यंतसुद्धा स्वतःहून आले नव्हते. ढकलून आणलं होतं मला. पण मालकाने तो आकडा असा खिशात घातला, जणू तो त्यानेच कमावला होता.

घरी नेल्यावर त्याने आधी माझ्या डोक्यावर लोखंडी कॅरिअर बसवलं. एका सहलीला त्यावर सामान बांधलं, त्यानंतर ते कायम रिकामं. त्याची बायको म्हणायची, "काढून टाक ना ते." तर म्हणायचा, "असू दे गं. भारदस्त दिसते." रिकामं कॅरिअर वेगात वाऱ्याशी भांडत बसतं आणि त्या भांडणाचं डिझेल माझ्या टाकीतून जातं, हे त्या भारदस्त माणसाला कोण सांगणार? न्हाणीघराच्या उरलेल्या फरशा त्याने माझ्या डिकीत ठेवल्या, "देऊ कुणाला तरी" म्हणून. कुणाला दिल्या नाहीत. टायर मऊ पडले तरी हवा बघितली नाही. चढावर ब्रेक लावायचा सोडून अर्धवट दाबलेल्या क्लचवर मला लोंबकळत ठेवायचा.

पण खरी गंमत उतारावर. उतार आला की तो मला न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "बघ, आता फुकट चाललोय." फुकट कसलं? मला गिअरमध्ये ठेवून नुसता पाय उचलला असता, तर चाकांनीच इंजिन फिरत ठेवलं असतं आणि मी डिझेलचा थेंबही घेतला नसता. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून मला घोट घोट घ्यावाच लागतो. तो वाचवत होता आणि मी पीत होते. आणि चारचौघांत सांगत होता, "आपली बावीस देते." मी देत होते पंधरा. पण माझ्या नावावर तो इतक्या आत्मविश्वासाने खोटं बोलायचा की कधीकधी मलाच वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडत असेल.

मग घरात बाळ आलं. गोल गरगरीत मुलगी, म्हणून तिला सगळे भोपळा म्हणतात. भोपळा पाळणाघरात जाण्याएवढी झाली आणि तिची आई मला चालवायला शिकली. मी तिला बाई म्हणते. मनातल्या मनात.

बाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ती प्रयोगशाळा शहराबाहेर, तलावाच्या अंगाला. तिकडे बस जात नाही. पाळणाघर त्याच रस्त्यावर. म्हणजे मी आहे तर बाईची नोकरी आहे, इतकं सरळ.

सुरुवातीला ती स्टिअरिंग असं धरायची की सोडलं तर मी पळून जाईन. "आता दुसरा. आता तिसरा. झालं. बरोबर पडला का तो?" असं मलाच विचारायची. गाडी लावून चार पावलं जायची, परत यायची, हँडब्रेक ओढलेला आहे ना ते बघायची, भोपळा खरंच आपल्या कडेवर आहे ना तेही बघायची. मला हसू यायचं नाही. मीही तशीच आहे. कुठूनही खडखड ऐकू आली तरी मला ती माझ्यातच वाटते, मग भले शेजारून कचऱ्याची गाडी जात असो.

पण तिचा पाय हलका होता. लांबचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचलायची. भोपळा मागे झोपलेली असली, तर तिला उठवायला नको म्हणून सावलीत थांबून माझी माहितीपुस्तिका वाचायची. उतारावर गिअर काढायची नाही. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा श्वास मिळत होता.

तरी समोरच्या पडद्यावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा खालीच येत गेला. येणारच. टायर मऊ, एअर फिल्टर धुळीने बुजलेला, डिकीत फरशा, डोक्यावर कॅरिअर. एका सुट्टीच्या दिवशी मालकाने तो आकडा पाहिला. चौदा.

"तुझ्या हातात गेल्यापासून गाडी देईनाशी झाली," तो म्हणाला.

"टायरमध्ये हवा कधी भरली होतीस?"

"विषय बदलू नकोस. तुझा पाय जड आहे."

आणि बाईने काय करावं? दुसऱ्या दिवसापासून ती चप्पल काढून मला चालवायला लागली. पाय हलका पडावा म्हणून. थंडीत, अनवाणी. तिचा तो गार तळवा ॲक्सिलरेटरवर टेकला ना, त्या दिवशी मी ठरवलं. याचा सूड घ्यायचा.

ठरवणं सोपं. घ्यायचा कसा? रस्त्यात बंद पडावं, तर मागे भोपळा. टायर फोडून घ्यावा, तर मागे भोपळा. ब्रेकचा तर विचारही नको. सुडाचा एकेक बेत मी रचायचे आणि त्यात मागच्या सीटवर एक मूल बसलेलं दिसायचं. माझ्याने हे होणार नाही, असं वाटायला लागलं होतं.

त्यात मालकाने मला विकायचं ठरवलं. त्याच्या ऑफिसातल्या साहेबांना बऱ्या अवस्थेतली गाडी हवी होती.

"मग मी कामावर जायचं कसं?" बाईने विचारलं.

"मी सोडत जाईन तुला."

"तुझं ऑफिस दुसऱ्या टोकाला आहे."

"बघू मग. नाहीतर राहा थोडे दिवस घरी. देत नाही ती गाडी ठेवायची कशाला?"

हे बोलणं झालं तेव्हा मालकाची थोरली बहीण, ताई, दारातच होती. ताई म्हणजे स्पष्ट बोलणारं माणूस. मालकाला आजही बाळ्या म्हणते. ती म्हणाली, "बाळ्या, कुणाच्या हातात किती देते ते मोजून तरी बघ. या रविवारी तू धरणापर्यंत जाऊन ये, पुढच्या रविवारी ही जाईल. मी दोन्ही वेळा बसते मागे. हिच्या हातात कमी दिली तर वीक."

"आणि जास्त दिली तर?" बाईने हळूच विचारलं.

"तर किल्ली तुझी. आणि हा जाईल बसने."

मालक हसला. मला त्या हसण्याचा अर्थ पुढे कळला.

मोजायची रीत साधी आहे. टाकी भरायची, चालवायचं, पुन्हा भरायची. दुसऱ्यांदा जेवढं बसलं, तेवढं खर्च झालं. पण भरली म्हणजे किती? पंपावरची नळी टाकी भरत आली की खटकन आपोआप थांबते. त्याला कट म्हणतात. कट झाल्यावरही हट्टाने भरलं, गाडी गदागदा हलवून आतले बुडबुडे काढले, तर आणखी बरंच डिझेल मावतं. अगदी गळ्यापर्यंत.

पहिल्या रविवारी ताई यायच्या आधीच मालकाने मला कोपऱ्यावरच्या पंपावर नेलं. माझ्या अंगाला कंबर लावली आणि हलवलं, हलवलं, पुन्हा भरलं. मला मळमळायला लागलं. धरणाहून परत आल्यावर मात्र पहिला कट होताच म्हणाला, "बास." गळ्यापर्यंत भरून सुरुवात, कटवर शेवट. आकडा आला बावीस. ताईने भुवया उंचावल्या. बाईने भोपळाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या रविवारी बाईची पाळी. निघताना मालक स्वतः पंपावर उतरला. पहिला कट होताच, "बास." बाईने मला इतकं जपून नेलं की माझं मलाच नवल वाटलं. चढावर रेटलं नाही, उतारावर सोडलं नाही. अनवाणीच होती. परत पंपावर आलो तेव्हा भर दुपार झाली होती. भोपळाला शूला लागली. बाई आणि ताई तिला घेऊन आत गेल्या. मालक माझ्याकडे वळला, कंबर लावली आणि पुन्हा तेच. हलव, भर, हलव, भर. जमिनीखालच्या टाकीतलं गारेगार डिझेल माझ्या गळ्याशी आलं.

बाईचा आकडा, तेरा.

घरी पोचल्यावर मालकाने मला दारासमोरच्या उतारावर उन्हात उभं केलं, टाकीचं तोंड उताराच्या बाजूला. साहेबांना त्याने लगेच बोलावून घेतलं होतं. इतकी खात्री.

आता तुम्हाला एक सांगते. गार डिझेल उन्हात तापलं की फुगतं. मी तो फुगारा गळ्याशी दाबून धरून उभी होते. साहेब आले. चष्मा पुसून माझ्याभोवती फिरले, टायरला बुटाने टोचलं. मालक पांढरेशुभ्र नवे बूट घालून माझ्या टाकीजवळ उभा होता. साहेबांनी विचारलं, "किती देते?"

"बावीस," मालक म्हणाला.

आणि मी झाकणाच्या कडेने सोडून दिलं.

आधी एक थेंब. मग धार. माझ्या अंगावरून ओघळत ती थेट पांढऱ्या बुटात गेली. भोपळा टाळ्या वाजवत म्हणाली, "गाडीला शू लागली."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "अहो, टाकी गळतेय हिची. फुटकी गाडी माझ्या गळ्यात मारताय होय?"

"गळत नाही, साहेब. टाकी एकदम ठीक आहे. मी आत्ताच गच्च भरलीय, हलवून हलवून, पार गळ्यापर्यंत. म्हणून वर आलंय थोडं."

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. बाई पायरीवर उभी होती. ताई तिच्या मागे.

"हलवून?" बाईने विचारलं. आवाज अगदी प्रयोगशाळेतला. "आणि सकाळी निघताना तर कटवरच थांबवलंस."

"सकाळी म्हणजे… घाई होती."

"मागच्या रविवारी परत आल्यावरही कटवरच थांबवलंस. आणि त्या दिवशी निघताना? ताई यायच्या आधी कुणी भरली होती?"

मालकाने बुटाकडे बघितलं. बुटातून पचक असा आवाज आला.

"दोन नमुने वेगवेगळ्या खुणेपर्यंत भरले," बाई म्हणाली, "तर आमच्याकडे तो अहवाल फाडून टाकतात."

ताई मालकाजवळ गेली, वाकून वास घेतला. "बाळ्या, लहानपणी पत्त्यांत पानं मांडीखाली लपवायचास. अजून खोड तीच." साहेब कधी निघून गेले ते कुणाला कळलंच नाही.

पुढचे दोन रविवार पुन्हा मोजलं. तोच पंप, तीच नळी, पहिल्या कटवर बास, आणि नळी ताईच्या हातात. मालकाच्या हातात मी चौदा दिले. बाईच्या हातात सतरा. खरं सांगते, यात मी काही केलं नाही. जसं चालवलं, तसं दिलं. सूड म्हणून याहून मोठं काही मला सुचलंच नसतं.

आता कॅरिअर गच्चीत आहे, त्यावर भोपळाचे कपडे वाळतात. फरशा गेल्या, फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा आहे. मी वीसपर्यंत जाते. बावीस नाही देत, देणारही नाही. ते त्या बंद खोलीतलं होतं. बाई आता चप्पल घालून चालवते. हँडब्रेक मात्र अजून परत येऊन बघते. बघू दे.

मालक बसने जातो. ते बूट त्याने किती वेळा धुतले, पण डिझेलचा वास असा जात नाही. बसमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडून इकडेतिकडे बघतो, म्हणे. मला थोडं वाईट वाटतं. अगदी थोडं.

परवा घरी पाहुणे आले होते. मी बाहेरच उभी होते, खिडकी उघडी होती. एकाने विचारलं, "तुमची ती डिझेलची गाडी, किती देते हो?" मालकाने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाला, "हिला विचारा."

तुम्हीही माझ्यासारख्या कुणाला विचाराल कधी, किती देते म्हणून. जरूर विचारा. पण आधी तिच्या डोक्यावर काय लादलंय ते बघा. आणि टाकी भरताना तिला कंबर लावून हलवू नका. आम्ही गळ्याशी धरून ठेवतो. ऊन तापेपर्यंत.