लक्ष्मीला वाट, किड्यांना जाळी

मी मच्छरदाणी बोलतेय. हसू नका. हल्लीची मुलं मला बघून ‘यात मासे पकडतात का?’ म्हणून विचारतात, त्याची मला सवय झालीय. पण यंदाच्या दिवाळीत लालबागच्या आमच्या चाळीत जे घडलं, ते ऐकलंत तर तुम्हीही मला मान द्याल.

मला चिंचपोकळीच्या एका शिंप्याने शिवलं. पांढरी सुती जाळी आणि चारही कोपऱ्यांना लाल नाड्या. निलेशचा जन्म झाला तेव्हा त्याच्या आईने, मीराबाईंनी, मला हौसेने घरी आणलं. त्या मूळच्या मालवणकडच्या, बोलायला फटकळ पण हाताला मायाळू. किती वर्षं निलेश माझ्या पोटात झोपला! माझ्या जाळीत बोटं अडकवून त्याने एक भोकही पाडून ठेवलं. पुढे भिंतीत खुपसायचं डासांचं मशीन आलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो नि वैद्य मरो, माणसांची ही रीतच आहे.

निलेशचं लग्न झालं, सुचित्रा घरात आली. तिच्या हाताला चव फार. यंदा परळच्या एका ऑफिसने तिला सगळ्या स्टाफचा दिवाळीचा फराळ सांगितला. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. “ही नीट गेली ना, तर माझं नाव होईल,” असं ती निलेशला म्हणाली, ते मी माळ्यावरून ऐकलं. नाव होईल म्हणजे नाव जाऊही शकतं, हे तिच्या आवाजातच होतं.

आणि नेमके तेव्हाच ते किडे आले. तपकिरी, नखाएवढे, पाठीवर ढालीसारखं कवच. शेजारच्या टॉवरच्या नव्या बागेतून आले की आणखी कुठून, देव जाणे. पहिले दोन दिवस तर कुणाला कळेचना. घरभर सडक्या कोथिंबिरीचा वास. सुचित्राने फ्रिज रिकामा केला, भाजीवालीशी भांडून आली. मग मीराबाईंनी भिंतीवरच्या एका किड्यावर चप्पल हाणली आणि वासाचा भपका उठला. बिचारी भाजीवाली निर्दोष होती!

“आई, मारू नको गं! दाबलं की बोंब!” नाक धरून निलेश ओरडला.

किडे यायचे ते दिवे लागले की. आणि आमच्याकडे दिवेलागणीला दार-खिडकी सताड उघडी ठेवून देवापाशी दिवा लावायचा, ही मीराबाईंची जन्माची शिस्त. उजेड बघून लक्ष्मी येते म्हणतात. लक्ष्मीचं मला ठाऊक नाही, किडे मात्र वेळ पाळून यायचे. एका संध्याकाळी चिवड्याचे पोहे भाजून परातीत काढले होते, त्यात एक किडा पडला आणि डावाखाली चिरडला गेला. अख्खी परात फेकावी लागली. सुचित्रा रडली नाही, सरळ उठली आणि दाराची कडी लावली.

“दिवेलागणीक दार लावतंस? लक्ष्मी दारातसून मागे फिरतली!” मीराबाई कडाडल्या.

“आणि ऑर्डर मागे फिरली तर, आई?”

निलेश दोघींच्या मध्ये बसून नुसता पाणी पीत राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची साफसफाई निघाली. स्टीलच्या डब्याच्या बदल्यात बोहारणीला द्यायला मला खाली काढलं. संपलं माझं, असं वाटलं. सुचित्राने मला झटकलं, उजेडात धरलं आणि तशीच उभी राहिली.

“आई, दार उघडंच ठेवू. फक्त ही मध्ये लावू. लक्ष्मीला जाळी अडवते का?”

मीराबाईंनी मला हातात घेऊन चाचपलं. मग चष्मा शोधला. “सुई-दोरो हाड. आधी तां भोक शिवूक व्हया. फाटकी जाळी बघून लक्ष्मी काय म्हणतली?”

मला कात्री लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला सांगू? अर्धी मी खिडकीला गेले, अर्धी दाराला. भोक मीराबाईंनी स्वतः रफू केलं. निलेशने खिळे ठोकले, नाड्या बांधल्या.

संध्याकाळ झाली. दिवा लागला, दार उघडं होतं. किडे आले, फटाफट माझ्यावर आपटले आणि बाहेरच राहिले! सकाळी निलेश साबणाच्या पाण्याचा मग माझ्याखाली धरायचा, टिचकी मारली की किडे त्यात टपाटप. ना चप्पल, ना वास. आत चिवडा झाला, चकल्या झाल्या, लाडू वळले गेले. शेवटचे लाडू तर मीराबाईंनीच वळले. फराळ वेळेवर परळला पोचला आणि चार दिवसांत त्याच ऑफिसातल्या बायकांचे फोन सुरू झाले. लग्नाचं रुखवत, बारशाचे लाडू, काय काय!

आता आमच्या गॅलरीत दारोदार माझ्या बहिणी लटकताहेत. “जाळयेची आयडिया माझी,” असं मीराबाई सगळ्यांना सांगतात. सुचित्रा ऐकते आणि गालातल्या गालात हसते. श्रेय कुणाचंही असो. एवढ्या वर्षांनी मला कामाला लावलंय, आणखी काय हवं?

हे बघा, बोलता बोलता दिवे लागले. दोन किडे आपटलेसुद्धा. आपटू देत मेल्यांना! आत सुचित्रा करंज्या तळतेय, तुम्हाला वास आलाच असेल. या ना, घर आपलंच आहे. फक्त आत आलात की मला मागे नीट लावून घ्या.