भिंतीवरचा चेहरा

“थांबव!” मी ओरडलेच. “हे काय केलंस गं?”

वल्लरीने लॅपटॉपवरची फिल्म थांबवली. ही पुण्याची पोर इथल्या विद्यापीठात ‘सिंगापुरातली मराठी घरं’ यावर संशोधन करते. तिच्या सांगण्यावरून मी फोनवर आमचं घर टिपलं होतं. ह्यांचे तुआसच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचे बूट, लेकीचा अभ्यास, आमची बुद्धवंदना आणि समोरच्या भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर.

आमचे चेहरे धूसर करायचे हे ठरलंच होतं. पण तसबिरीतला चेहराही पुसलेला!

“सॉफ्टवेअर दिसेल तो चेहरा ब्लर करतं, लताताई.”

“मशीनला काय कळतंय? तुला तर कळतं ना? काढ तो ब्लर.”

ती घुटमळली. “मीच म्हटलं, राहू दे. तसबिरीवरून कम्युनिटी ओळखू येते. तुमच्याच भल्यासाठी...”

माझं डोकंच फिरलं. पुण्यात भाड्याच्या घरात असताना मालक येणार म्हटलं की हे ती तसबीर चादरीत गुंडाळून कपाटात ठेवायचे. मी नुसती जळत राहायचे. इथे आल्यावर घरमालकीण आंटीला विचारून पहिला खिळा ठोकला, तो त्याच तसबिरीसाठी.

“जाऊ दे ना, लता,” हे सोफ्यावरून म्हणाले. “ऑफिसातल्या कोणी बघितलं तर उगाच...”

“उगाच काय? चोरी केलीय का आपण?”

ह्यांनी मान खाली घातली. मी वल्लरीकडे वळले.

“सही घेताना म्हणालीस, कधीही नाही म्हणू शकता. मग ऐक. तसबीर दिसणार नसेल तर माझं घरही दिसणार नाही. सगळं काढून टाक.”

“अहो ताई, तुमच्या घराशिवाय फिल्मच उभी राहत नाही!”

“मग ठरव.”

तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून तो ब्लर काढला.

शनिवारी विद्यापीठात फिल्म दाखवली. येणार नाही म्हणणारे हेही आले, पण एकटेच मागच्या रांगेत बसले. पडद्यावर आमचं घर आलं. आम्हा तिघांना चेहरे नव्हते. भिंतीवरची तसबीर मात्र लख्ख दिसत होती. माझा ऊर भरून आला.

“आई, कॅनॉट सी यू लाह,” लेक जाई इथल्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली.

“नसू दे गं.”

शेवटी कोणीतरी इंग्रजीत विचारलं, ते तसबिरीचं घर कोणाचं?

“सॉरी, नाव सांगता येत नाही,” वल्लरी म्हणाली.

मागे खुर्ची वाजली. मी वळून पाहिलं. हे उभे राहिले होते.

“अवर्स,” हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून मोठ्याने, “आमचं आहे.”