आचाऱ्याची नजर

चित्र थांबवून दिग्दर्शिका उठली, पडद्यापाशी गेली आणि तिने आचाऱ्याच्या नाकावर बोट ठेवलं.

"हा कुठे बघतोय?"

अंधाऱ्या खोलीत खसखस पिकली. पडद्यावर चाच्यांचं जहाज होतं. कप्तान तलवार उपसून खजिन्याच्या बेटाबद्दल बढाया मारत होता. नऊ चाचे आ वासून त्याच्याकडे बघत होते. दहावा, भटारखान्याच्या दारात पळी घेऊन उभा असलेला जाडा आचारी, मान तिरकी करून डाव्या कोपऱ्याकडे बघत होता. डाव्या कोपऱ्यात नुसत्या फळ्या होत्या.

"मागच्या शॉटमध्येही तिकडेच बघत होता," कोणीतरी म्हणालं. "कंटाळलाय बिचारा."

पुन्हा हशा झाला. शेवटच्या रांगेतले पापणीकाका तेवढे हसले नाहीत. आचारी त्यांचा होता.

पापणीकाका हे नाव स्टुडिओतल्या पोरापोरींनी ठेवलेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अ‍ॅनिमेशनच्या सिनेमात नायक बोलत असतो तेव्हा मागची माणसं नुसती उभी असतात, आणि चित्रातलं माणूस नुसतं उभं राहिलं की दोन सेकंदांत मेल्यासारखं दिसतं. त्याला कोणीतरी जिवंत ठेवावं लागतं. मधूनच पापणी मिटवायची, खांदा केसभर उचलायचा, श्वास सोडायचा. प्रेक्षकाच्या ते लक्षात आलं तर काम बिघडलं. काकांनी एकोणतीस वर्षं हेच केलं होतं, आणि इतकं चोख केलं होतं की आजवर त्यांचं काम कोणाच्या नजरेत भरलं नव्हतं.

"काका, काय आहे त्या कोपऱ्यात?"

"तिथे शिंपी होता, मॅडम."

"कोण शिंपी?"

"शिडं शिवणारा. तीन महिन्यांपूर्वी काढला ना."

दिग्दर्शिकेने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मास्तरांचा!"

सिनेमा बारा मिनिटं लांबला होता. शिंप्याला एकही वाक्य नव्हतं, त्याच्यावाचून गोष्टीचं काही अडत नव्हतं, म्हणून त्याला उचलून बाजूला केलं. शिंप्याचं अ‍ॅनिमेशन करणारे मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्याच आठवड्यात त्यांनाही घरी बसवलं. आचारी शिंप्याकडे बघतो ही गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नव्हती, त्यामुळे ती काढायचं कोणाला सुचलं नाही. ते काका आणि मास्तर या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. चौदा वर्षं त्यांची टेबलं शेजारी शेजारी. चेहऱ्याचे भाव बघायला प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटा आरसा असतो. कप्तान फुशारक्या मारायला लागला की आचाऱ्याने शिंप्याकडे बघायचं आणि शिंप्याने सुईवरून मान न उचलता एक भुवई उडवायची, हे त्या दोन आरशांत बघत बघत त्यांनी बसवलं. पहिल्यांदा जमलं तेव्हा दोघंही म्हातारे शाळकरी मुलांसारखे फिदीफिदी हसले होते.

"तेवीस शॉट आहेत," काकांनी न विचारताच सांगितलं.

"लोक त्या कोपऱ्यात कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसतील, काका. सगळ्यांसारखं कप्तानाकडे बघू दे त्याला. शुक्रवारपर्यंत होईल?"

"होईल," काका म्हणाले.

मास्तरांच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवला होता. कोणी ना कोणी येऊन कागद घेऊन जायचं, जाताना काकांना "काय काका" म्हणायचं. दिवसभरात तेवढंच बोलणं. घरी तर तेही नव्हतं. बहिणीचा महिन्यातून एकदा फोन यायचा, तोही जेवलास का विचारण्यापुरता. मास्तरांना फोन करावा असं काकांच्या रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं. करून बोलणार काय? चौदा वर्षांत ते दोघं कामाखेरीज दुसरं काही बोललेच नव्हते. मास्तरांना मुलंबाळं आहेत की नाहीत हेही काकांना धड माहीत नव्हतं. आणि तिकडूनही फोन आला नव्हता.

काका कामाला लागले. बुबुळं इकडची तिकडे सरकवणं सोपं असतं. पण नुसती बुबुळं सरकवली तर माणूस चोरून बघतोय असं वाटतं. बुबुळांमागून हनुवटी न्यावी लागते, हनुवटीमागून मान, मानेमागून खांदा. मंगळवारी सात शॉट झाले, बुधवारी नऊ. गुरुवारी चहाच्या वेळेपर्यंत उरलेले सात. काकांनी सगळे ओळीने लावून पाहिले. आचारी कप्तानाकडे बघत होता. कुठे खोट काढायला जागा नव्हती. तो आता बाकीच्या नऊ जणांसारखाच दिसत होता, आणि हे काकांच्याच हाताने झालं होतं.

त्यांनी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, एक विचारायचं होतं. एकोणिसाव्या शॉटमध्ये शिंपी उभा होता की बसलेला?"

"बसलेला." मास्तरांना आठवावंही लागलं नाही. "दोरखंडाच्या वळकटीवर. डावा पाय खाली सोडलेला." मग आवाज एकदम उजळला. "म्हणजे आचारी अजून बघतो तिकडे?"

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"बघतो."

"तेवीसच्या तेवीस वेळा?"

"हो."

मास्तर मोठ्याने हसले. "म्हणजे शिंपी आहे म्हणायचा अजून जहाजावर! सिनेमा लागला की पहिल्याच दिवशी जातो बघा."

फोन ठेवल्यावर काकांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यात कधी कोणाकडे काही मागायला न गेलेला हा माणूस उठला आणि दिग्दर्शिकेच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मॅडम, शॉट झाले. पण एक मला परत हवाय. पहिल्यासारखा."

"कुठला?"

"कुठलाही."

तिने हातातला कप खाली ठेवला. "का, काका?"

"मास्तरांना सांगून बसलोय, आचारी अजून बघतो म्हणून." काका म्हणाले. "मागच्या माणसांकडे कोणी बघत नाही, मॅडम. बघू नये म्हणूनच आपण मरमर करतो. पण मी पापणी मिटवली की शेजारून मास्तर म्हणायचे, वा. चौदा वर्षं तेवढा एक माणूस बघत होता."

दिग्दर्शिकेने स्क्रीन काकांकडे वळवली, नव्या शॉटच्या रांगेत मधोमध एक जुना शॉट घातला आणि रांग चालवली. मग पुन्हा चालवली.

"तेवीस ठेवले असते तर लोक वाट बघत बसले असते," ती हळू आवाजात म्हणाली. "एकच ठेवला तर चूक दिसतेय. तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय. तुम्ही म्हणालात तर ठेवते."

काकांनी तो शॉट तिसऱ्यांदा पाहिला. हो म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं.

"चूकच दिसतेय," ते म्हणाले. "काढा."

जागेवर येऊन त्यांनी पुन्हा फोन लावला आणि मास्तरांना 'हॅलो'पुढे बोलू दिलं नाही.

"मास्तर, मी मघाशी खोटं बोललो. आचारी आता बघत नाही. फोन केला तेव्हाच सगळे बदलून झाले होते."

पलीकडे कुठलंसं दार लावल्याचं ऐकू आलं.

"नुसते डोळे फिरवलेत?" मास्तरांनी विचारलं. "की मानही?"

"हनुवटी, मान, खांदा. सगळं."

"मग ठीक. नुसते डोळे फिरवले असतेत तर मला राग आला असता."

कामाचं बोलणं संपलं होतं. प्रिंटरमधून कागद न्यायला एक मुलगी आली, काय काका म्हणाली आणि गेली. मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. आता ते ठेवतो म्हणणार हे काकांच्या ध्यानात आलं.

"मास्तर, तुमचं घर कुठे आहे हो?" त्यांनी घाईने विचारलं.

"का?"

"नाही, म्हटलं रविवारी यावं. काही काम नाही तसं. असंच."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"खुर्ची एकच आहे घरात," मास्तर म्हणाले. "शेजारून दुसरी मागून ठेवतो. पत्ता लिहून घ्या."