हळदच ना, बाबा?

औषधाच्या दुकानात येणारे लोक तिला पाठीमागे ‘चौकशीबाई’ म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. साधं खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसाला ती आधी बीपीचं विचारायची, मग साखरेचं, आणि शेवटी तिचा ठरलेला प्रश्न यायचा, “आणखी काय घेता?” माणूस म्हणायचा, “काही नाही.” मग चौकशीबाई काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायची आणि त्या ‘काही नाही’तून लसणाच्या कॅप्सूल, आल्याचा अर्क, शेजारणीने दिलेली कसलीशी पूड असं एकेक उकरून काढायची. रांगेतले लोक उसासे टाकायचे. पण एका बाईंच्या यकृताचे आकडे का वाढताहेत हे कोणाला कळत नव्हतं, तेव्हा हिनेच शोधून काढलं होतं की बाई साखर उतरावी म्हणून जाड सालीच्या दालचिनीची पूड रोज दोन-दोन चमचे खातात. स्वयंपाकात तुकडाभर पडते ती वेगळी आणि अशी चमच्याने पोटात जाते ती वेगळी, हे तिने त्यांना तासभर समजावलं होतं. तेव्हापासून तर तिला आवरणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

खुद्द बापाला मात्र तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. गरजच काय? दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडायला लागले, डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली, आणि तेव्हापासून दर रविवारी सात कप्प्यांची डबी तीच भरून पाठवून द्यायची. बाबांच्या पोटात काय जातं ते आपल्याइतकं कोणाला माहीत असणार, अशी तिची खात्री होती.

बाबांचं सलून दोन गल्ल्या पलीकडे होतं. एक खुर्ची, एक आरसा, आणि भिंतीला टेकवलेला बाक. सलूनच्या मागच्याच खोलीत ते एकटे राहत. चाळीस वर्षांत आपल्या वस्तऱ्याने रक्ताचा थेंब पाहिलेला नाही, हे वाक्य प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला फेसाबरोबर फुकट मिळायचं. मग ही तुरटी कशाला, असं कोणी खवचटपणे विचारलं तर बाबा तो खडा पाण्यात बुडवून त्याच्या गालावरून फिरवत म्हणायचे, “थंडाव्यासाठी.”

तर एका मंगळवारी मसाल्याचे दुकानदार तिच्याकडे मलम घ्यायला आले. हा बाबांचा जुना दोस्त. दर तीन दिवसांनी दाढीला त्यांच्याच खुर्चीत बसणार. आज त्यांची दाढी चांगलीच वाढलेली होती. तिने कारण विचारलं तर ते इकडेतिकडे बघत म्हणाले की तुझ्या बाबांनी दहा दिवस झाले दुकान बंद ठेवलंय. वस्तरा धरायचा नाही म्हणतात. खुर्ची विकायला काढलीय, दाराला चिठ्ठी लावलीय. तुला सांगू नको म्हणाले होते.

चौकशीबाईने मलम काउंटरवर ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि ती निघाली.

बाबा बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. हनुवटीवर कागदाचे तीन कपटे चिकटवलेले आणि तिन्हींच्या मधोमध लाल ठिपके. तिला बघून त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. त्यांना बोलतं करायला तिला दहा मिनिटं लागली. रोज आपलीच दाढी करताना कापतंय, आणि कापलं की अर्धा अर्धा तास थांबत नाही, असं ते शेवटी म्हणाले. हात गेला. स्वतःच्या तोंडावर ही गत, तर लोकांच्या गळ्याशी वस्तरा कोणत्या तोंडाने न्यायचा? या माणसाला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

तेवढ्यात तिला त्यांच्या दंडावरचे निळे डाग दिसले. कुठे आपटलात का, तर नाही. तिने त्यांना हाताला धरून समोरच्या तपासणी केंद्रात नेलं. बोटाला टोचून रक्त गोठण्याचा आकडा काढला. दोन आणि तीनच्या मध्ये असायला हवा तो साडेपाचच्या वर गेला होता. दीड महिन्यापूर्वी अगदी जागच्या जागी होता. डबी बघितली तर एकही गोळी जास्त गेलेली नाही, कमी गेलेली नाही.

“बाबा, आणखी काय घेता?” अखेर तिने विचारलं.

“काही नाही.”

सलूनमध्ये परत आल्यावर तिने फणी-कात्रीचं फडताळ धुंडाळलं. पावडरच्या डब्यामागे एक काचेचा पेला होता, बुडाशी पिवळाजर्द. शेजारी बरणी, त्यात पिवळी पूड आणि तिच्यात काळे कण.

“हे काय?”

“ते होय? ते औषध नाही. हळद आहे. गुडघ्यांसाठी.”

चाळीस वर्षं उभं राहून गुडघे कुरकुरणारच. दोस्ताने उपाय सांगितला होता, अस्सल हळद आणि वर ताजी कुटलेली मिरी, कारण मिरीशिवाय हळद अंगी लागत नाही. तेवढं त्याचं खरंही होतं. बाबांनी सकाळी एक चमचा सुरू केला. चार दिवसांत गुडघे धावेनात, तेव्हा पी हळद अन् हो गोरी या हिशेबाने सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन केले.

तिने कपाळाला हात लावला आणि त्यांना समजावलं. हळद रक्त जरासं पातळ करतेच. मिरी त्या हळदीला ढकलत ढकलत रक्तात पोचवते, वर काही औषधांचा शरीरातला मुक्कामही लांबवते. सगळ्यांना असं होईलच असं नाही, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना हा खेळ खेळायचा नाही. भाजीत चिमूटभर पडते तिला कोणी काही म्हणत नाही, पण अति तिथे माती. कोणाला न विचारता हे घेतलंत कसं?

“विचारलं होतं,” बाबा म्हणाले. “तुलाच.”

आणि मग तिला आठवलं. महिन्याभरापूर्वी, दुकानात गर्दी, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला, हातात कोणाची तरी चिठ्ठी. बाबा विचारत होते, हळद घेतली तर चालेल ना. आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान करणारी चौकशीबाई म्हणाली होती, “हळदच ना, बाबा? हळदीने काय होतंय?” किती, कशातून, कशासोबत, एक अक्षर विचारलं नव्हतं. तिला अतिशय लाज वाटली आणि तिने ती बाबांना तशीच बोलूनही दाखवली.

डॉक्टरांना फोन झाला. हळद बंद, गोळी दोन दिवस बंद आणि मग पुन्हा सुरू, गुडघ्यांसाठी त्यांनी दुसरा इलाज सांगितला. आठवड्याने आकडा अडीचवर आला. दंडावरचे डाग पिवळे पडून मावळले. तिला वाटलं, सुटलो.

“म्हणजे माझा हात चुकत नव्हता,” बाबा म्हणाले.

इथे नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोड जात नाही. ती म्हणाली, “हात पूर्वी चुकायचा तेवढाच चुकतोय. बारीक ओरखडे सगळ्यांकडूनच पडतात. पूर्वी ते दिसायच्या आत मिटायचे, एवढंच.”

बाबा आरशाकडे वळले. “म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना कापत होतो.”

झालं. हात गेला याचं दुःख एकवेळ परवडलं, हात कधी तसा नव्हताच हे कसं सोसायचं? चिठ्ठी दारावर तशीच राहिली. शनिवारी दुपारी खुर्ची बघायला कोणीतरी येणार होतं.

शनिवारी सकाळी ती सलूनमध्ये गेली, केस वर बांधले आणि खुर्चीत बसली. लहानपणी फळी टाकून बसायची, त्यानंतर आज.

“मानेवरचे केस वाढलेत. साफ करून द्या.”

“पार्लरवालीकडे जा.”

“ती मशीन फिरवते. मला वस्तरा हवाय.”

बाबा जागचे हलले नाहीत. तीही हलली नाही. शेवटी पाण्याचा आवाज आला, ब्रशचा आला, नव्या पात्याचा कागद फाडल्याचा आला. मानेवर गार फेस लागला. त्यांनी तिच्या डोक्यावर पंजा ठेवून मान खाली वाकवली. तो पंजा एकदा उचलला, पुन्हा ठेवला. मग पातं कातडीला लागलं. खरखर खरखर, एका लयीत, कानामागून खाली. तिने डोळे मिटले. एका जागी मुंगी चावावी तसं काहीतरी झालं.

बाबांनी टॉवेलने मान पुसली. तिने हात मागे नेऊन चाचपलं. बोटाच्या टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका. तिने तो हळूच अंगठ्याने पुसला.

“लागलं का कुठे?” बाबांनी विचारलं.

“काही नाही.”

आरशात बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तुरटीचा खडा उचलला, पाण्यात बुडवला आणि डाव्या कानाखाली नेमक्या त्याच जागी फिरवला.

“थंडाव्यासाठी,” ते म्हणाले, आणि दारावरची चिठ्ठी काढून आणायला त्यांनी तिलाच पाठवलं.